'आणि विशेषतः' : राखीव अटींची भाषा व आंतरराष्ट्रीय न्यायालयाची अधिकारिता

१९ डिसेंबर १९७८ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ग्रीस विरुद्ध तुर्कस्तान ह्या खटल्यात, आपणांस हा वाद ऐकण्याची अधिकारिता नाही, असा निर्णय बारा विरुद्ध दोन मतांनी दिला. वाद एजियन समुद्रातील भूखंडमंचाचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीचा होता. परंतु निवाड्याचा मोठा भाग समुद्राविषयी नाही, तेलाविषयी नाही, सीमारेषेविषयीही नाही. तो एका फ्रेंच वाक्यातील 'ए, नोतामाँ' ह्या दोन शब्दांविषयी आणि त्यांच्यामधल्या स्वल्पविरामाविषयी आहे. 'आणि, विशेषतः' एवढाच त्यांचा अर्थ. ह्या दोन शब्दांनी मागच्या वाक्यखंडाचा विस्तार होतो की त्याच्या शेजारी एक नवा, स्वतंत्र वाक्यखंड उभा राहतो, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर न्यायालयाचे दार उघडे राहणार होते किंवा बंद होणार होते. ते बंद झाले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या निवाड्यांकडे का वळावे, ह्या शंकेचे उत्तर अशा निवाड्यांतच मिळते. अर्थनिर्णयाची जी साधने काव्यशास्त्राने व मीमांसेने घडविली, त्यांच्याशी नाते सांगणारी साधने येथे रोजच्या व्यवहारात वापरली जातात. फरक इतकाच की येथे चुकलेल्या वाचनाची किंमत एखाद्या टीकाकाराला नव्हे, तर एखाद्या राष्ट्राला किंवा त्यातील माणसांना मोजावी लागते.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. एखाद्या बहुपक्षीय करारात सामील होताना राज्य जेव्हा 'अमुक कलम आम्हांस लागू नाही' किंवा 'अमुक मर्यादेतच लागू आहे' असे एकतर्फी कथन करते, तेव्हा त्या कथनासाठी मराठीत 'आरक्षण' हा शब्द सहज सुचतो. पण तो शब्द आज रेल्वेच्या डब्यापासून राज्यघटनेपर्यंत वेगळ्या अर्थांनी इतका रुळला आहे, की येथे तो घोटाळाच करील. म्हणून 'राखीव अट' असा साधा शब्द येथे योजिला आहे. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराने राखीव अटीची व्याख्या करताना एक मार्मिक पुस्ती जोडली आहे: त्या कथनाची शब्दयोजना कशीही असो, त्याला नाव कोणतेही दिलेले असो, परिणाम मर्यादा घालण्याचा असेल तर ती राखीव अटच होय. नावापेक्षा कार्य श्रेष्ठ, हा नियम व्याख्येतच आला आहे.

आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर कोणतेही राज्य केवळ दुसऱ्याने खेचले म्हणून उभे राहत नाही. संमती हाच अधिकारितेचा पाया. ही संमती करारातील विवादनिर्णयाच्या कलमातून मिळते, किंवा न्यायालयाच्या संविधीतील ३६ व्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदाखाली, म्हणजे तथाकथित ऐच्छिक कलमाखाली, राज्याने केलेल्या घोषणेतून मिळते. दोन्ही ठिकाणी संमती देणारा आपल्या शब्दांनी ती आखडती घेऊ शकतो. काटेकोर कायद्याच्या दृष्टीने कराराची राखीव अट आणि घोषणेतील मर्यादा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण अर्थनिर्णयाचे प्रश्न दोहोंत बरेच सारखे उद्भवतात, आणि न्यायालयानेही एकीच्या वाचनातले अनुभव दुसरीसाठी वापरले आहेत.

त्यात अन्योन्यतेचा नियम महत्त्वाचा. एका राज्याने स्वतःच्या रक्षणासाठी घातलेली अट प्रतिपक्षालाही तिच्याच विरुद्ध वापरता येते. १९५७ च्या नॉर्वेजियन कर्जांच्या खटल्यात फ्रान्सला हा अनुभव आला. 'आमच्या सरकारच्या मते जे विषय मूलतः आमच्या राष्ट्रीय अधिकारातील आहेत' ते वगळावेत, अशी अट फ्रान्सनेच आपल्या घोषणेत घातली होती. नॉर्वेने तीच उचलली व फ्रान्सचा खटला बुडाला. ज्या अटीत अटीचा अर्थ लावण्याचा अधिकारही अट घालणाऱ्याकडेच राहतो, ती मुळात संमतीच नव्हे, असे न्या. लाउटरपाख्ट ह्यांनी आपल्या स्वतंत्र मतात म्हटले. वाचकाला पुस्तक हाती द्यावे आणि अर्थ मात्र लेखक वेळोवेळी कळवील असे सांगावे, तसा हा प्रकार आहे.

आता एजियनच्या वाक्याकडे. १९२८ च्या आंतरराष्ट्रीय वादांच्या शांततामय निर्णयाविषयीच्या 'सर्वसाधारण करारात' ग्रीस १९३१ साली सामील झाला, तेव्हा त्याने एक राखीव अट घातली. तिचा आशय असा: आंतरराष्ट्रीय कायद्याने जे प्रश्न सर्वस्वी राज्यांच्या अंतर्गत अधिकारात ठेवले आहेत त्यांविषयीचे वाद, आणि, विशेषतः, ग्रीसच्या प्रादेशिक दर्जाशी संबंधित वाद, ज्यांत ग्रीसच्या बंदरांवरील व दळणवळणमार्गांवरील सार्वभौम हक्कांचे वादही आले, वगळण्यात येत आहेत. पंचेचाळीस वर्षांनी, १९७६ साली, ग्रीस स्वतःच फिर्यादी म्हणून न्यायालयात आला. तुर्कस्तान न्यायालयात हजर झाले नाही; पण पत्राद्वारे त्याने ग्रीसच्याच ह्या अटीकडे बोट दाखविले.

ग्रीसचे म्हणणे व्याकरणावर उभे होते. 'विशेषतः' हा शब्द सामान्याच्या पोटातील विशेष दाखवितो. म्हणून प्रादेशिक दर्जाचे वाद म्हणजे अंतर्गत अधिकारातील वादांचाच एक ठळक प्रकार. भूखंडमंचाचा वाद हा दोन राज्यांमधला असल्याने अंतर्गत अधिकारातला होऊच शकत नाही; सबब अट त्याला लागत नाही.

भारतीय न्यायपरंपरेचा परिचय असलेल्याला येथे दोन लौकिक न्याय आठवतील. ब्राह्मण आले, वसिष्ठही आला, असे म्हटले तर वसिष्ठ ब्राह्मणांबाहेरचा ठरत नाही. त्याचे श्रेष्ठत्व दाखविण्यासाठी त्याचा पृथक् निर्देश होतो. हा ब्राह्मणवसिष्ठन्याय. उलट गाई आण आणि बैलही आण असे म्हटले, तर मूळचा व्यापक 'गो' शब्द आकसतो व बैल वगळून उरलेल्या गुरांपुरता उरतो. हा गोबलीवर्दन्याय. ग्रीसचे वाचन पहिल्या न्यायाचे होते. न्यायालयाने जवळजवळ दुसरा पत्करला. कोणता न्याय केव्हा लावावा हे शब्द सांगत नाहीत. ते संदर्भ सांगतो, आणि नेमके तेथेच न्यायालयाने व्याकरणाचा हात सोडला.

न्यायालयाचे प्रतिपादन थोडक्यात असे. 'ए, नोतामाँ' चा व्याकरणिक अर्थ ग्रीस म्हणतो तसा असू शकेल, पण तो एकमेव नाही, आणि केवळ भाषेच्या आधारे प्रश्न सोडविता येत नाही. मग संदर्भ पाहावा. सर्वसाधारण कराराच्या ३९ व्या कलमात कोणत्या प्रकारच्या राखीव अटी घालता येतात त्यांची मर्यादित यादी आहे. अंतर्गत अधिकारातील प्रश्न हा त्या यादीतील एक प्रकार. स्पष्टपणे निर्दिष्ट केलेले विशिष्ट विषय हा दुसरा, आणि त्या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून करारानेच 'प्रादेशिक दर्जा' हे शब्द दिले आहेत. म्हणजे ग्रीसने हे शब्द कराराच्या यादीतून उचलले, आणि यादीत ते अंतर्गत अधिकाराच्या घरात नव्हते. शिवाय १९२९ साली ऐच्छिक कलमाखाली केलेल्या घोषणेत ग्रीसने प्रादेशिक दर्जाचे वाद स्वतंत्रपणे वगळले होते. तेथे अंतर्गत अधिकाराचा उल्लेखही नव्हता. दोनच वर्षांत ग्रीसने आपले संरक्षण इतके आकुंचित केले असेल, हे न्यायालयाला संभवनीय वाटले नाही.

एथपर्यंतचे वाचन वाङ्मयचिकित्सेच्या कसोटीलाही उतरते. एकाच लेखकाच्या दोन निकटच्या लेखनांची तुलना आणि उसनवारीच्या शब्दाचे मूळ स्थान शोधणे, ही पाठचिकित्सकाची नित्याची पद्धत होय. अडचण पुढच्या पायरीवर येते. १९३१ साली भूखंडमंच ही कायद्यातली संकल्पनाच अस्तित्वात नव्हती. मग 'प्रादेशिक दर्जा' ह्या शब्दांत तिचा समावेश कसा होणार? ग्रीसने असेही सांगितले की त्या काळी आपल्या मनात बल्गेरियाच्या मागण्या होत्या, म्हणूनच बंदरे व दळणवळणमार्ग ह्यांचा उल्लेख आला. न्यायालयाने उत्तर दिले की 'प्रादेशिक दर्जा' हा जातिवाचक शब्द आहे. असा शब्द वापरणाऱ्याने त्याचा अर्थ कायद्याच्या वाढीबरोबर वाढेल हे गृहीत धरलेले असते. म्हणून १९७८ साली त्या शब्दात जे जे मावते ते सारे त्यात आले.

अर्थ वाढतो हे भाषेच्या अभ्यासकाला कोणी सांगावयास नको. परंतु एकाच वाक्यासाठी दोन घड्याळे लावली गेली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. वाक्याची रचना ठरविताना १९२९-३१ चा ग्रीस विचारात घेतला. शब्दाची व्याप्ती ठरविताना १९७८ चा कायदा. लेखकाचा हेतू पहिल्या पायरीवर निर्णायक आणि दुसऱ्या पायरीवर जवळजवळ निरर्थक. न्या. दे कास्ट्रो व ग्रीसने नेमलेले न्या. स्टासिनोपुलोस हे दोघे बहुमताशी सहमत झाले नाहीत, ह्यात नवल नाही. बहुमताचा निष्कर्ष चूक होता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण तो निष्कर्ष भाषेने दिला नाही, भाषेबद्दलच्या दोन वेगळ्या कल्पनांनी दिला, एवढे निश्चित.

ह्याच्या सव्वीस वर्षे आधी, २२ जुलै १९५२ रोजी निकालात निघालेला अँग्लो-इराणियन तेल कंपनीचा खटला ह्याच जातीचा. पण तेथे प्रश्न एका विशेषणाचा होता. इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केल्यावर ब्रिटनने फिर्याद केली. इराणची घोषणा १९३० ची, अनुसमर्थन १९३२ चे. फ्रेंच भाषेतील त्या घोषणेत अनुसमर्थनानंतर उद्भवणारे असे वाद मान्य केले होते, जे पर्शियाने स्वीकारलेल्या तह वा करारांच्या अंमलबजावणीशी संबंधित परिस्थिती वा घटना ह्यांविषयी आहेत, 'आणि नंतरचे' आहेत. 'नंतरचे' म्हणजे कोण? ब्रिटनच्या मते परिस्थिती व घटना नंतरच्या असाव्यात, तह कितीही जुने चालतील. इराणच्या मते तहच अनुसमर्थनानंतरचे हवेत. ब्रिटनचे जे तह खटल्याच्या उपयोगाचे होते ते जुने होते. म्हणून सारी फिर्याद ह्या एका विशेषणाच्या अन्वयावर लटकली.

फ्रेंच व्याकरण येथे काहीच मदत करीत नाही. 'परिस्थिती' स्त्रीलिंगी व 'घटना' पुल्लिंगी. 'तह' पुल्लिंगी व 'करार' स्त्रीलिंगी. कोणत्याही जोडीला लावले तरी विशेषणाचे रूप पुल्लिंगी अनेकवचनच होते. मराठी अनुवादकाची अवस्था तर ह्याहून बिकट. फ्रेंचमध्ये विशेषण नामाच्या मागे येऊन दोन नामांच्या मध्ये तरंगू शकते. मराठीत ते नामाच्या पुढे बसवावे लागते. 'नंतरचे तह' म्हणा की 'नंतरच्या घटना' म्हणा, लिहिणाऱ्याने निकाल देऊनच टाकलेला असतो. मूळ संहितेची संदिग्धता राखायची तर वर केले तसे वाक्य मोडून, विशेषण शेवटी लोंबकळत ठेवूनच ती राखता येते. अनुवाद हा अर्थनिर्णय असतो, ह्या नेहमीच्या विधानाला ह्याहून खणखणीत उदाहरण क्वचित मिळेल.

ब्रिटनने आणखी एक युक्तिवाद केला, आणि तो मीमांसकाला परिचित वाटेल. इराणचा अर्थ घेतला तर घोषणेतील काही शब्द निरर्थक ठरतात. संहितेतील प्रत्येक शब्दाला प्रयोजन असते, म्हणून तो अर्थ त्याज्य. वेदवाक्यात आनर्थक्याचा दोष येऊ नये म्हणून मीमांसेने अर्थवादाची विधीशी एकवाक्यता साधली, अनुवादाची कोटी मान्य केली. तशीच ही निकड. न्यायालयाने मात्र हा नियम तह आणि घोषणा ह्यांत भेद करून बाजूस सारला. तह हा वाटाघाटींतून घडतो, तेथे प्रत्येक शब्द तोलून घातलेला असतो. घोषणा एकट्या राज्याने स्वतःच्या सावधगिरीपोटी लिहिलेली असते. अशी सावध माणसे वरकड शब्द घालतातच. मग न्यायालयाने इराणच्या मजलिसने १९३१ साली संमत केलेल्या फारसी कायद्याकडे पाहिले. त्यात 'सरकार अनुसमर्थनानंतर जे तह व करार स्वीकारील' असा निःसंदिग्ध आशय होता. नऊ विरुद्ध पाच मतांनी अधिकारिता नाकारली गेली.

अपौरुषेय संहितेला कर्ता नसतो, म्हणून तेथे हेतूचा शोध संभवत नाही आणि शब्दांवरच सारा भार पडतो. राखीव अट हे त्याच्या टोकाचे उलट उदाहरण: कर्ता एकच, तो ज्ञात आहे, आणि बहुधा समोर उभा आहे. १९४६ साली विमसॅट व बियर्ड्स्ली ह्यांनी कर्त्याच्या हेतूचा आधार घेणे हा समीक्षेतील हेत्वाभास ठरविला. त्यानंतर सहाच वर्षांनी हेगमध्ये त्याच आधारावर एक मोठा खटला निकालात निघाला. दोन्ही भूमिका आपापल्या जागी योग्य असू शकतात, कारण कविता कोणाची संमती नोंदवीत नाही.

मराठी वाचकाला अधिक जवळचा खटला दादरा व नगर हवेलीचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ही पोर्तुगीज ठाणी मुक्त झाली. दमणहून तेथे जाण्याचा मार्ग भारतीय प्रदेशातून होता व भारताने तो रोखला होता. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने ऐच्छिक कलमाखाली घोषणा केली, आणि २२ डिसेंबरला भारतावर खटला भरला. भारताची तेव्हाची घोषणा २८ फेब्रुवारी १९४० ची, म्हणजे ब्रिटिश अमदानीत केलेली होती. जानेवारी १९५६ मध्ये भारताने नवी घोषणा केली. पण एकदा न्यायालयाच्या हाती आलेला खटला नंतरच्या शब्दांनी सुटत नाही.

भारताने सहा प्राथमिक आक्षेप घेतले. पहिला पोर्तुगालच्या घोषणेवरच होता: कोणत्याही वेळी कोणत्याही प्रकारचे वाद वगळण्याची मुभा तिने स्वतःकडे ठेवली होती. न्यायालयाने तो फेटाळला. अशी मुभा पुढच्या काळापुरती चालते आणि अन्योन्यतेने भारतालाही मिळते, असे म्हटले. १९५७ च्या निवाड्यात पहिले चार आक्षेप निकालात निघाले व शेवटचे दोन मूळ वादाबरोबर ऐकण्याचे ठरले. ह्या दोहोंपैकी सहावा आक्षेप भाषेच्या दृष्टीने रोचक आहे. १९४० च्या घोषणेने ५ फेब्रुवारी १९३० नंतर उद्भवलेले, आणि त्या तारखेनंतरच्या 'परिस्थिती वा घटना' ह्यांविषयीचे वादच मान्य केले होते. इराणच्या घोषणेत आलेली तीच जोडी. भारताचे म्हणणे असे की पोर्तुगाल आपला हक्क १७७९ पासून सांगतो. मग वाद १९३० पूर्वीच्या परिस्थितीविषयीच झाला. न्यायालयाने भेद केला: हक्काचा उगम ज्या घटनांत आहे त्या वेगळ्या, आणि वादाचा उगम ज्यांत आहे त्या वेगळ्या. अट दुसऱ्या प्रकाराला लागू होते. वाद १९५४ चा. सबब अधिकारिता आहे.

ह्या वाचनाचा एक परिणाम असा झाला की पेशवाईचे कागद न्यायालयात आले. पोर्तुगालचा आधार १७७९ च्या पुण्याच्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या सनदांवर होता. तहाचे समोर आलेले पाठ एकमेकांशी जुळत नव्हते. दोन्ही पक्षांनी प्रमाण मानलेली, साक्षांकित अशी एकही प्रत नव्हती. हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला ही परिस्थिती नवी नाही. न्यायालयाने पाठनिश्चितीचा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला नाही. अठराव्या शतकातील हिंदुस्थानातल्या तहाची वैधता नंतर हळूहळू घडलेल्या रीतींनी जोखू नये, आणि मराठ्यांनी स्वतः तो तह बंधनकारक मानला होता, एवढे त्याने पुरेसे मानले.

मग मुख्य प्रश्न आला: तहाच्या १७ व्या कलमाने गावांचे सार्वभौमत्व दिले काय? येथील उत्तर मराठी दफ्तराच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे तेव्हा ते तसे शब्द वापरीत, 'कायमस्वरूपी' किंवा 'कायमच्या सार्वभौमत्वाने' अशा आशयाचे; इतर तहांत असे दाखले होते. ह्या कागदांत ते नव्हते. सनदांवरून दिसत होते ते इतकेच की सालिना बारा हजार रुपयांच्या वसुलाचा जहागीर किंवा सरंजाम दिला गेला. असा सरंजाम म्हणजे राज्यदान, असे समजल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही. फारसीतून मराठीत आलेला आणि आजच्या बोलण्यात 'पसारा' ह्या अर्थापर्यंत घसरलेला 'सरंजाम' हा शब्द १२ एप्रिल १९६० रोजी हेगमध्ये त्याच्या जुन्या, नेमक्या अर्थाने वाचला गेला. १९३१ च्या ग्रीक शब्दाला पुढे जो न्याय मिळाला, तो अठराव्या शतकातील मराठी शब्दाला लागला नाही: त्याचा अर्थ त्याच्या काळातच ठेवला गेला.

अर्थात निकाल एवढ्यावर थांबला नाही. ब्रिटिश काळात ह्या गावांवरील पोर्तुगीज सार्वभौमत्व मूकपणे मान्य झाले होते आणि खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल ह्यांच्या येजा करण्याची स्थानिक रूढी पडली होती, असे न्यायालयाला दिसले. सशस्त्र सैन्य, पोलीस व शस्त्रे ह्यांना मात्र असा हक्क नव्हता. १९५४ मध्ये भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असा शेवट झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश म. क. छागला ह्यांनी भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून ह्या खटल्यात काम केले. राखीव अटीच्या वाचनात भारत हरला नसता तर सरंजामाच्या वाचनात तो जिंकला नसता, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

स्वतंत्र भारताच्या पुढच्या घोषणांत राष्ट्रकुलाविषयीची अट राहिली. १८ सप्टेंबर १९७४ च्या घोषणेत जे राज्य राष्ट्रकुलाचे सदस्य 'आहे किंवा होते' त्याच्याशी असलेले वाद वगळले गेले. पाकिस्तान १९७२ साली राष्ट्रकुलाबाहेर पडले होते, आणि १९७३ साली युद्धकैद्यांच्या प्रश्नावर त्याने भारताविरुद्ध फिर्याद नेली होती, हे लक्षात घेता 'किंवा होते' ह्या दोन शब्दांचा रोख कोणाकडे असावा ह्याचा तर्क करता येतो. गंमत अशी की कसोटीच्या वेळी त्या भूतकाळी क्रियापदाची गरजच पडली नाही. १९९९ साली पाकिस्तानी नौदलाचे विमान पाडल्याबद्दल पाकिस्तान न्यायालयात गेले तेव्हा ते पुन्हा, १९८९ पासून, राष्ट्रकुलात होते. अट कालबाह्य व पक्षपाती आहे हा त्याचा आक्षेप २१ जून २००० रोजी फेटाळला गेला: ऐतिहासिक कारण उरले नसले तरी शब्द उरले आहेत, आणि भारताने ते वेळोवेळी नव्याने लिहिले आहेत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये भारताने १९७४ च्या जागी नवी घोषणा केली. त्याच वर्षी जुलैमध्ये निकालात निघालेल्या जाधव खटल्यात मात्र ह्या घोषणांचा प्रश्नच आला नाही. वाणिज्यदूतीय संबंधांच्या कराराला जोडलेल्या ऐच्छिक शिष्टाचारपत्रात दोन्ही राष्ट्रांची संमती कोणत्याही राखीव अटीविना नोंदलेली होती. घोषणांच्या दारात अट उभी होती; कराराचे दार मोकळे होते.

सर्वांत गंभीर प्रश्न वंशसंहारविरोधी कराराचा आहे. १९४८ च्या ह्या कराराचे ९ वे कलम वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपविते. अनेक राज्यांनी ह्या कलमापुरती राखीव अट घातली. भारतानेही १९५९ साली अनुसमर्थन करताना प्रत्येक वादात सर्व पक्षांची संमती हवी असे म्हटले. १९७३ चा युद्धकैद्यांचा खटला ह्याच अटीशी येऊन ठेपला होता व पुढे पाकिस्ताननेच तो मागे घेतला. अशा अटी चालतात काय? २८ मे १९५१ रोजी सल्लागारी अभिमतात न्यायालयाने सात विरुद्ध पाच मतांनी, कराराचा हेतू व प्रयोजन ह्यांच्याशी अट सुसंगत असावी, हा निकष दिला. पण न्यायालयात जाण्याचा मार्गच बंद करणारी अट हेतूशी विसंगत नव्हे काय, ह्या प्रश्नाला त्याने नंतर दिलेले उत्तर नकारार्थी आहे: अशी अट मूळ कर्तव्याला हात लावीत नाही, फक्त निवाड्याच्या मार्गाला लावते.

ह्या उत्तराचे पूर्ण वजन ३ फेब्रुवारी २००६ च्या काँगो विरुद्ध रवांडा खटल्यात दिसते. ज्या देशात १९९४ साली वंशसंहार झाला, त्याच देशाने ९ व्या कलमाला घातलेली अट न्यायालयाने वैध मानली. काँगोने दाखवून दिले की रवांडाने फेब्रुवारी १९९५ मध्ये अंतर्गत हुकुमाने आपल्या साऱ्या राखीव अटी मागे घेतल्या होत्या. न्यायालयाने उत्तर दिले की त्याची सूचना संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांना गेली नव्हती. घरी लिहिलेला, पण धाडलेला नसलेला मजकूर. वाचकापर्यंत न पोचलेली संहिता कायद्यात संहिता ठरत नाही. बहुमतात असलेल्या पाच न्यायाधीशांनी मात्र संयुक्त मत जोडून म्हटले की ९ व्या कलमावरील अट कराराच्या हेतूशी कधीच विसंगत ठरणार नाही, हे स्वयंसिद्ध मानता येत नाही. ही शंका निकालात नाही, पण नोंदीत आहे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने वेगळी वाट धरली. १९८८ च्या बेलिलोस खटल्यात स्वित्झर्लंडने ज्याला 'अर्थविवरणात्मक घोषणा' म्हटले होते त्याला त्याने राखीव अट मानले, ती अवैध ठरविली, आणि तरीही स्वित्झर्लंडला करारात बांधलेलेच ठेवले. १९९५ च्या लोइझिदू खटल्यात तुर्कस्तानच्या संमतीतील प्रादेशिक मर्यादा अशीच कापून काढली व संमतीचा उरलेला भाग उभा ठेवला. प्रक्षिप्त भाग वगळून मूळ संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाचे हे काम. फरक असा की येथे प्रक्षिप्त ठरविलेला भाग निःसंशय कर्त्याचाच होता. हेगच्या न्यायालयाला असे धाडस आजवर मानवलेले नाही, आणि ते सर्वस्वी गैर आहे असेही म्हणता येत नाही. युरोपीय न्यायालयामागे एका प्रदेशातील राज्यांचे समान आश्वासन आहे; हेगसमोर उभे राहणारे राज्य केव्हाही निघून जाऊ शकते.

५ मे २०२५ रोजी सुदान विरुद्ध संयुक्त अरब अमिराती ह्या प्रकरणात हाच प्रश्न पुन्हा आला. सुदानने मसालित जमातीच्या संहाराला अमिरातीचे साहाय्य असल्याचा आरोप केला होता. अमिरातीने तो नाकारला. अमिरातीची ९ व्या कलमावरील अट न्यायालयाला स्पष्ट वाटली, आणि अधिकारिता उघडच नाही म्हणून तात्पुरते संरक्षण चौदा विरुद्ध दोन मतांनी नाकारले गेले. पण खटला नोंदवहीतून त्याच क्षणी काढून टाकावा काय, ह्या दुसऱ्या प्रश्नावर मते नऊ विरुद्ध सात अशी विभागली. सात न्यायाधीशांना तो इतक्यात नोंदीतून पुसणे मान्य नव्हते.